देवीच्या माशांचं सोवळं

ज्ञानू मास्तर पुण्याला दोनदा बी. एस्सी.च्या परीक्षेला बसला, आणि दोन्ही वेळा रसायनशास्त्राच्या काही मुद्द्यांवर त्याचं आणि परीक्षकांचं एकमत होऊ शकलं नाही. त्यानंतर त्यानं घरी, भोंगवलीला येऊन मुकाट नांगर धरावा, असं बापाचं म्हणणं होतं. खेड्यापाड्यांत विज्ञानाचा उजेड पाडावा, असं त्याचं स्वतःचं. यातून तडजोड म्हणून तो भोर संस्थानात, हिर्डोशीच्या शाळेत मास्तर झाला. वरंध घाटाकडे तोंड करून बसलेलं हे गाव इतकं आडबाजूला होतं, की तिथं पाडलेला उजेड बाहेर कुणाच्या डोळ्यांवर येण्याचा धोका नव्हता.

उजेडाचं मुख्य साधन म्हणजे एक काचेची पेटी. भोरच्या लोहाराकडून लोखंडी पट्ट्यांची चौकट करून घेतलेली, तिला खिडकीच्या काचा, आणि सांध्यांत खडू-तेलाची लांबी भरलेली. दोन हात लांब, हातभर उंच. पहिला आठवडा ती चारी कोपऱ्यांतून गळली; मग कंटाळून थांबली. मास्तरनं तिच्यात नीरा नदीतली वाळू घातली, चार गोटे ठेवले, शेवाळ सोडलं आणि ओढ्यातले बोटाएवढे मासे धरून आणले. पोरांना निसर्गाचं निरीक्षण करता यावं, हा हेतू. वर्षभर पेटी मास्तरच्या ओसरीत नांदली. काचा हिरवट झाल्या, गोट्यांवर बुळबुळीत साय धरली, वाळू काळसर पडली, आणि मासे मजेत राहिले. मासे मरत नाहीत त्याअर्थी आपण काहीतरी बरोबर करत असणार, असं मास्तरचं शास्त्रीय अनुमान होतं. काय, ते त्याला माहीत नव्हतं. त्याची बायको सगुणाबाई पेटीला ‘तुमचं गटार’ म्हणे.

गावाच्या खाली नीरेच्या पात्रात एक डोह होता. त्यातले मासे देवीचे. देवी म्हणजे डोहाची आई. काठावर शेंदूर लावलेला एक खडक, बस. तिचे मासे कुणी धरायचे नाहीत, खायचे नाहीत, त्यांच्याकडे भुकेल्या नजरेनं बघायचंसुद्धा नाही. डोहात मासे आहेत तोवर झरा आहे, झरा आहे तोवर गाव आहे, ही गोष्ट हिर्डोशीत पोराला चालता येण्याआधी कळे.

सन चौतीसच्या उन्हाळ्यात तो डोह आटला. झरा पार बंद झाला नव्हता. खडकाखालून करंगळीएवढी धार येत होती, पण तिच्यानं टीचभर जागा भिजलेली राही, एवढंच. मोठे मासे चैतातच गेले. उरली हातभर डबक्यात वळवळणारी वीतभर लांबीची सात पिल्लं, आणि त्यांच्यावर नजर ठेवून काठावर बसलेले अकरा बगळे. बगळ्यांना देवीचं काही नव्हतं.

गावकी बसली. रायबा पाटलानं सगळ्यांकडे बघितलं आणि मग मास्तरकडे बघितलं.

“मास्तर, तुमच्या त्या पेटीत मासं जगत्यात म्हनं.”

“जगतात.”

“मग आईची लेकरं पाऊस पडस्तवर तुमच्या वट्यात. हाय कबूल?”

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मास्तरच्या विद्येवर एवढा भरवसा टाकत होतं. त्याची छाती भरून आली आणि तो विचार न करता हो म्हणाला.

“आन मेली तर?” मागून कुणीतरी विचारलं.

“मेली तर,” रायबा शांतपणे म्हणाला, “मास्तरांनी आपला बोजा बांदावा. आमी कुटं जायाचं त्ये मग आमी बगू.”

कुणी हसलं नाही. तेव्हा मास्तरच्या लक्षात आलं, की पाटील गंमत करत नव्हता.

मासे आणायच्या आधी म्हादू गुरव पेटी बघायला आला. डोहाच्या आईची पूजा त्याच्याकडे होती. त्यानं पेटीत नाक घातलं आणि मागं सरला.

“मास्तर, तुमी शिकल्यालं मानूस. ह्या घानीत आईची लेकरं सोडायची? वाळूत बारक्या माशांनी वर्सभर हागून ठिवलंय. गोट्याला बोट लावा, घसारतंय.”

“मी काय वर्सभर दुसरं सांगतीया?” सगुणाबाई आतून म्हणाली.

मास्तरला राग आला नाही. उलट धर्म आणि विज्ञान या एका मुद्द्यावर एकत्र येताहेत, हे बघून त्याला आनंदच झाला. स्वच्छता! उकळल्यानं जंतू मरतात, हे त्यानं स्वतः शाळेच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवलेलं होतं. बारके मासे ओढ्यात परत गेले. हिरवं पाणी उकिरड्यावर ओतलं. शेवाळ उन्हात पडलं. वाळू लग्नाच्या तांब्याच्या हंड्यात घालून मास्तरनं स्वतः जाळ लावून तासभर रटरटवली, गोटे राखेनं घासले, काचा चिंचेनं आणि राखेनं चोळल्या. चार बायका दिवसभर राबत होत्या. संध्याकाळी पेटी अशी लखलखली, की ती आहे की नाही हे हात लावून बघावं लागे. ओसरी शेणानं सारवली, पेटीपुढं रांगोळी पडली, आणि गाव वाजतगाजत सात पिल्लं घेऊन आलं.

पिल्लं सुंदर होती. पितळी अंगाची, मोठ्या खवल्यांची, शेपटीला किंचित तांबूस झाक. स्वच्छ पाण्यात ती अशी दिसत होती, की रायबा पाटलानं पागोटं काढून हातात घेतलं.

म्हादूनं सोवळं लावून दिलं. काच रोज आतून-बाहेरून पुसायची, ती न्हालेल्या माणसानं. सकाळ-संध्याकाळ आरती. दोन्ही वेळा नैवेद्य, आणि आईची लेकरं म्हटल्यावर एका घराचा नैवेद्य घेऊन दुसऱ्याचा परत कसा पाठवणार? कणकेच्या गोळ्या आल्या, भात आला, नाचणीच्या भाकरीचा चुरा आला, एकीनं पुरण आणलं. पिल्लं खात तेवढं खात. उरलेलं तळाशी विरघळे. आणि मासे ज्या पाण्यात आहेत ते पाणी तीर्थ. तीर्थ कुणी फेकत नाही. आटलं तेवढी वरून भर घालायची, आणि आलेल्या-गेलेल्याच्या तळहातावर पळीभर द्यायचं.

चौथ्या दिवशी चमत्कार झाला. आरती सुरू होताच सातही पिल्लं वर आली आणि पाण्याच्या कडेला तोंडं लावून उभी राहिली, तोंडं उघडत, मिटत, उघडत.

“आरती म्हंत्यात,” म्हादू दबक्या आवाजात म्हणाला. त्याच्या हातातली घंटा थांबली.

पाचव्या दिवशी भामाबाई नावाच्या म्हातारीला दिसलं, की पिल्लांच्या कल्ल्यांच्या कडा लालभडक झाल्या आहेत. “कुक्कू!” ती ओरडली. “आईनं लेकरांस्नी कुक्कू लावलंया!” ही बातमी संध्याकाळपर्यंत खोऱ्यात पसरली आणि दुसऱ्या दिवशी वेल्ह्याच्या बाजूनं धनगर लोक डोंगर उतरून दर्शनाला आले. त्यांनीही रिकाम्या हातानं येणं बरं दिसत नाही म्हणून दूध आणलं. थेंबभर पेटीत सोडलं.

रायबानं तीर्थ घेतलं, डोळे मिटले, आणि जरा वेळानं उघडले. “म्हादबा, तीर्थाला आज जरा उग्र वास हाय.”

“आईचं तेज हाय त्ये.”

मास्तरनं वास घेतला. कल्हईवाला भांड्यात नवसागर टाकतो तेव्हा नाकात जे शिरतं, त्याचा तो लांबचा भाऊ होता. आरती संपली, लोक गेले, तरी पिल्लं वरच होती. ती आरती म्हणत नव्हती. ती गुदमरत होती, आणि हे त्या ओसरीत एकट्या मास्तरला दिसत होतं. का, ते मात्र त्यालाही कळत नव्हतं. पेटी गटार होती तेव्हा मासे जगले. मंदिर झाली आणि मरायला टेकले. त्यानं घाबरून त्या दिवशी काच दोनदा पुसली.

सातव्या दिवशी दुपारी एक पिल्लू उताणं झालं. सगुणाबाईनं ते ओंजळीत उचललं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. संध्याकाळी रायबा आला, पेटीसमोर उकिडवा बसला, मोजलं.

“सा,” तो म्हणाला, आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरनं माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली. रसायनशास्त्राचं जाड पुस्तक उंदरांनी कडेनं वाचलं होतं. मास्तरनंही साधारण तेवढंच. ‘अमोनिया’ हा शब्द शोधत शोधत तो सोऱ्याच्या धड्याशी येऊन पोचला. हा धडा परीक्षेला येत नाही असं एका मित्रानं सांगितल्यामुळं त्यानं तो सोडून दिला होता. तो आला होता. दोन्ही वेळा.

पूर्वी गडांवरच्या तोफांना दारू लागे, दारूला सोरा लागे, आणि सोरा निघे तो जुन्या गोठ्यांच्या मातीतून, असं पुस्तकात होतं. लोणा लागून पांढरा खारट थर धरलेल्या भिंती मास्तरनं जन्मभर पाहिल्या होत्या. जनावरांच्या मुताचा अमोनिया होतो. कोंडलेल्या जागी साचला तर जीव घेणारं विष. पण मातीत तो टिकत नाही. मातीत सूक्ष्म जीव असतात, इतके सूक्ष्म, की सुईच्या टोकावर गावंच्या गावं मावतील. त्यांतली एक जात अमोनिया खाते आणि त्यातून जे उरतं ते दुसऱ्या जातीच्या हवाली करते. ती दुसरी जात त्याचा निरुपद्रवी क्षार करून झाडांच्या मुळांशी ठेवते. हे जीव मातीच्या कणांना, दगडांना, साय धरून चिकटलेले असतात. आणि मग मास्तरनं जी ओळ वाचली ती वाचून त्याच्या हातातलं पुस्तक मांडीवर आलं. तीच माती भाजून घेतली, तर मूत हे मूतच राहतं. महिना गेला तरी काही होत नाही. आणि भाजलेल्या मातीत न भाजलेली चिमूटभर टाकली, की काम पुन्हा सुरू होतं.

मास्तर ओसरीच्या कडेला येऊन बसला. समोर ऊन होतं, उकिरडा होता, पाटलाचा गोठा होता, खाली नीरेचं कोरडं पात्र होतं. रोजचंच सगळं, पण आता ते नुसतं पडून राहिलेलं दिसेना. पायाखालची जमीन काम करत होती. गाय मुतते आणि गाव गुदमरत नाही. डोहात हजार वर्षं मासे हगतात आणि डोह नितळ राहतो. नीरेच्या उगमापासून थेट समुद्रापर्यंत प्रत्येक दगडाच्या सायीत कुणीतरी बसलेलं आहे, एकानं उचलायचं, दुसऱ्याच्या हातात द्यायचं, आणि पहिला गड बांधायच्या आधीपासून त्यांनी एक दिवस सुटी घेतलेली नाही. त्यांना कुणी नैवेद्य दाखवत नाही. त्यांची कुणी शाळा तपासत नाही. वर्षभर ते त्याच्या ओसरीत होते, त्याच्या उशाशी, आणि पोरांना निसर्गाचं निरीक्षण करायला तो मासे दाखवत होता.

“अवो, रडताय का काय?” सगुणाबाईनं विचारलं.

“मी त्यांना उकळलं, सगुणा.”

“कुनास्नी?”

“पेटी सांभाळत होते त्यांना. सगळ्यांना. लग्नाच्या हंड्यात.”

सगुणाबाईनं हंड्याकडं बघितलं. “कुनी सांगिटलं हुतं उकळायला?”

“मीच. फळ्यावर.”

म्हादू गुरवाला समजावणं सोपं जाणार नव्हतं. आटलेल्या डोहातले बुळबुळीत दगड, न धुता, न पुसता, सोवळ्यातल्या पेटीत घालायचे. काच आतून पुसायची नाही. तीर्थ रोज उपसायचं. नैवेद्य पाण्यात टाकायचा नाही. यातली एक गोष्ट बोलली तरी माणूस वाळीत पडेल, आणि मास्तरला चारी बोलायच्या होत्या. तो डोहाकाठी, आईच्या खडकापाशी गेला आणि सगळं सांगितलं, गोठ्यापासून तोफेपर्यंत. म्हादू वाती वळत ऐकत होता.

“दिसत न्हाईत म्हंता?”

“नाही.”

“आवाज? हालचाल?”

“काही नाही.”

“आन आपलं समद्यांचं त्येंच्यावर चाललंय.”

“हो.”

“आन त्येंस्नी इसरलं की इनाश.”

“पेटीपुरतं तर तसंच झालं.”

म्हादूनं वात खाली ठेवली. त्याच्या नजरेत राग नव्हता, कीव होती. “मास्तर, ह्येच मी हितं ईस वर्सं सांगतुया. तवा तुमी वट्यावर बसून हसत हुता.”

दोनदा नापास झालेला मास्तर तिसऱ्यांदा नापास झाला.

“दगड आईच्या डोहातलं हायत,” म्हादू उठत म्हणाला. “म्हंजी सोवळंच हायत. पन नैवेद्याचं काय? लोकांस्नी न्हाई कसं म्हनू?”

“देवाला नैवेद्य दाखवतात. खातं कोण?”

“आपुन.”

“मग पेटीला दाखवा.”

डोहात आता ओंजळभर पाणी उरलं होतं, पण झऱ्याच्या धारेखालचे दगड ओले होते आणि त्यांच्यावर ती साय होती. बोट लावलं की घसरणारी, गढूळ तपकिरी, जिच्याकडं पाहून कुणीही नाक मुरडावं अशी. “वाळू द्यायचे नाहीत,” मास्तर सारखा सांगत होता, “एक घडीसुद्धा नाही.” आठ दगड आणि टोपलंभर गाळवाळू ओल्या पोत्यात गुंडाळून डोक्यांवरून चढ चढली. सगुणाबाई सगळ्यांत मोठा दगड घेऊन अनवाणी चालली होती. पाण्याचे ओघळ तिच्या कपाळावरून नाकावर येत होते आणि ती ते पुसत नव्हती.

रायबानं तीर्थाचा प्रश्न सोडवला. दर घरानं सकाळी एक कळशी झऱ्याचं पाणी आणून घालायचं आणि एक कळशी तीर्थ घेऊन जायचं. फेकायचं नाही, परड्यातल्या वांग्या-मिरच्यांना घालायचं. उन्हाळ्यात चढ चढून आणलेलं पाणी माशांना घालायला बायका कुरकुरतील असं मास्तरला वाटलं होतं. कुणी कुरकुरलं नाही. नैवेद्य आता दाखवून वाटला जाऊ लागल्यावर त्यात एकदम गूळ वाढला, तूपही दिसू लागलं.

पण दगड घातल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक पिल्लू गेलं.

“पाच,” रायबा म्हणाला. तो निघून गेला नाही. मास्तरशेजारी बसून राहिला. “आजून किती दिस लागत्याल?”

“ठाऊक नाही.”

“बुकात न्हाई?”

“बुकात सुरू होतं एवढंच आहे. कधी, ते नाही.”

मास्तरच्या तोंडून ‘ठाऊक नाही’ हे शब्द हिर्डोशीत पहिल्यांदाच बाहेर पडले होते. रायबानं मान डोलावली. पाऊस, गाभण म्हैस आणि पोरीचं स्थळ यांच्याबाबत त्याला याच भाषेची सवय होती. मास्तर आता कुठं समजेल असं बोलू लागला, असं त्याला वाटलं असावं. “बोजा बांदलाय का?” त्यानं हळूच विचारलं.

“ट्रंक काढलेली आहेच.”

“ऱ्हाऊ द्या हुगडी. घाई न्हाई.”

दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पिल्लं वरच होती. चौथ्या दिवशीही. मास्तर पेटीपुढं बसून राही. मासे बघायला नव्हे, दगड बघायला, जरी दगडावर बघण्यासारखं काही घडत नव्हतं. पुस्तकात लिहिलेलं खरं असेल तर तिथं, त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर, आत्ता, कुणीतरी वाढत होतं, एकाचे दोन होत होते, दोनाचे चार. आणि हे सगळं इतक्या शांतपणे, की शेजारी घड्याळ असतं तर त्याचा गलका वाटला असता. कधी त्याला वाटे, हे सगळं थोतांड आहे. कधी वाटे, थोतांड मीच, खरे तेवढे ते. पाचव्या दिवशी त्यानं पाण्याचा वास घेतला. पाण्याला पाण्याचा वास होता. आपल्या नाकावर विसंबायचं नाही असं त्यानं ठरवलं आणि सगुणाबाईला वास घ्यायला लावला. तिनं घेतला, पुन्हा घेतला.

“डोहाचा येतोय,” ती म्हणाली.

सातव्या दिवशी सकाळी मास्तर ओसरीत आला आणि पाण्याच्या कडेला एकही तोंड नव्हतं. पृष्ठभाग सपाट, रिकामा, त्यात वरचं आढं दिसत होतं. सगळी संपली, असं मनात येऊन तो खाली बसला, आणि बसल्यामुळं त्याची नजर काचेतून तळाला गेली.

पाचही पिल्लं खाली होती. मोठ्या दगडाच्या आडोशाला, एकाच दिशेला तोंडं करून, परांनी हळूहळू पाणी सारत. कल्ले संथ उघडमीट करत होते. कडांची लाली ओसरून फिकट गुलाबी उरली होती. एक पिल्लू पुढं झालं, दगडाच्या सायीवर तोंड घासलं, काहीतरी खुडून घेतलं आणि परत आपल्या जागी गेलं.

तेवढ्यात म्हादू आरतीचं ताट घेऊन आला, आणि मागून रायबा, भामाबाई, आणखी दहा-बारा जण. म्हादूनं आरती सुरू केली. पिल्लं वर आली नाहीत. भामाबाईचा चेहरा पडला.

“आज आयकायला येईना झाली. कुक्कूबी गेलं की वं.”

“खाली निवांत आहेत, भामाबाई,” मास्तर म्हणाला.

रायबा उकिडवा बसला. मोजलं. पुन्हा मोजलं. “पाच,” तो म्हणाला, आणि या वेळी तो आकडा त्यानं असा उच्चारला, की मागच्या बायकांनी एकदम पदर डोळ्यांना लावले.

म्हादू ताट घेऊन घोटाळला होता. ज्यांना ओवाळायचं ती दगडाआड शेपट्या फिरवून बसलेली. त्यानं मास्तरच्या कानाशी तोंड आणलं. “त्ये तुमचं न दिसनारं... नेमकं कुटं हायत?”

मास्तर उठला, त्यानं बाही वर केली आणि हात पाण्यात घातला. मोठ्या दगडाच्या पाठीवर बोटं अलगद टेकवली. “इथं. आणि इथं. सगळीकडं.”

म्हादूनं त्या तपकिरी, घाणेरड्या सायीकडं खूप वेळ बघितलं. मग ताट खाली आणलं आणि दगडाला ओवाळलं. घंटा वाजत राहिली. ज्योत काचेत दिसली, पाण्यात दिसली, एका पिल्लाच्या डोळ्यात टिपक्याएवढी दिसली.

आरती संपली. लोकांनी ज्योतीवरून हात फिरवून तोंडावर घेतले. म्हादूनं ताट मास्तरपुढं धरलं. मास्तरनं उजवा हात पाण्याबाहेर काढला होता, आणि त्याच्या बोटांवर दगडाची साय लागलेली होती, पातळ, थंड, बुळबुळीत. एरवी असा हात त्यानं धोतराला पुसला असता, नाहीतर सगुणाबाईला तांब्या आणायला सांगितलं असतं. आता तो हात कुठं धुवावा हेच त्याला कळेना. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि तो हात तसाच पुढं धरून उभा होता.